पंधराशेचा हप्ता आणि माझं मत

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: खात्यावर येणारे पैसे आणि तोंडावर आलेलं मतदान. मी एकतीस वर्षं महसूल खात्यात होते, त्यातली अकरा तालुक्याच्या संजय गांधी शाखेत, म्हणजे निराधारांच्या पगाराचं काम बघणाऱ्या शाखेत, अव्वल कारकून म्हणून. ही पत्रं बाजूला ठेवणं मला जमलं नाही. चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा गेली, ती जाऊ दिली.

प्रश्न : आदरणीय ताई, मी 43 वर्षांची आहे. लाडकी बहीणचे 1500 रुपये मला मिळतात, धाकटीच्या शिकवणीची फी त्यातूनच जाते. परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक पुढारी आले. म्हणाले, ज्यांचं मीठ खाता त्यांना विसरू नका, कुणी कुठं बटण दाबलं ते आम्हाला कळतं, नाव कमी व्हायला वेळ लागत नाही. मला दुसऱ्या उमेदवार बाईंना मत द्यायचंय, अंगणवाडीच्या खोलीसाठी त्या फार झटल्या. पण भीती वाटते. खरंच कळतं का? आणि ज्याचं घेतलं त्याला मत दिलं नाही तर ती बेइमानी होत नाही का?
— एक बहीण, बीड जिल्हा

उत्तर : आधी भीतीचं बघू, बेइमानीचं मागून.

मतदान केंद्रात तुम्ही सही किंवा अंगठा करता ते रजिस्टर वेगळं आणि बटण दाबता ते यंत्र वेगळं. यंत्रात नुसती बेरीज होत जाते, कुणाचं मत कुठं गेलं हे त्यात नोंदलं जात नाही. मी कितीतरी निवडणुकांना मतदान अधिकारी म्हणून त्या टेबलाशी बसले आहे. शाई लावणारीलाही कळत नाही, केंद्राध्यक्षालाही कळत नाही. लोकसभा-विधानसभेसाठी तर मताची गुप्तता राखण्याचं बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 128 व्या कलमात लिहूनच ठेवलं आहे, आणि ते मोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा आहे.

मग पुढाऱ्यांना काय कळतं? मोजणी केंद्रावार होते. तुमच्या वस्तीच्या केंद्रावर सहाशे मतं पडली आणि त्यातली किती कुणाला, हे दुसऱ्या दिवशी चावडीवर सगळ्यांना ठाऊक असतं. तेवढ्यावर हा धाक उभा असतो. त्यांना वस्ती कळते, बाई कळत नाही.

नावं कमी होतात हे मात्र खरं आहे, ते मी लपवणार नाही. 2024 च्या विधानसभेआधी अर्ज भराभर मंजूर झाले, छाननी निवडणुकीनंतर सुरू झाली. संजय गांधी निराधारचा पगार घेणाऱ्या 2 लाख 30 हजार बहिणी एका झटक्यात अपात्र ठरल्या. ज्यांच्या घरी चारचाकी आहे, कुणी आयकर भरतं, कुणी सरकारी नोकरीत आहे, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर आहे, वय 65 च्या पुढे गेलं आहे, अशांची नावं निघाली. मग ई-केवायसी आलं आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. जिचा नवरा वारलेला, वडीलही नाहीत, तिनं काय भरायचं? त्या बायकांना मृत्यूचे दाखले घेऊन अंगणवाडी सेविकेकडे जावं लागलं. निकष जाचक आहेत, काही ठिकाणी निर्दयी आहेत. पण त्यात मत हा निकष कुठंही नाही आणि तो लावण्याची सोयही नाही. तुमचं केवायसी पूर्ण असेल आणि तुम्ही निकषात बसत असाल, तर त्या पुढाऱ्याच्या हातात तुमच्यासाठी काहीही नाही.

आता बेइमानी. बाहत्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची, पुढं रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, ती पदराच्या गाठीत बांधून आम्हा तिघांसाठी आणायची. घरी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्या नुसत्या पाहिल्या तरी घशाला कोरड पडायची. नंतर एका निवडणुकीत गावातल्या एका बड्या माणसानं दारात उभं राहून आईला सुनावलं, "दुष्काळात तुला आम्ही जगवलं." आई कमी बोलणारी. तिनं एवढंच विचारलं, "माती तर मी वाहिली, मग जगवलं कुणी?" आणि आत निघून गेली.

तुम्ही म्हणाल, तुमच्या आईनं काम केलं होतं, मला तर बसून मिळतात. बसून? पहाटेपासून पाणी, धुणं, जनावरं, सासूबाईंची औषधं, वरून कापूस वेचणी. या कामाची मजुरी आजवर कुणी दिली? आणि पैसा म्हणाल तर तो कुणाच्या वाड्यातल्या कणगीतून आलेला नाही. साबणाची वडी, तेलाची पिशवी, मुलीची वही, नवऱ्याच्या गाडीतलं पेट्रोल, या प्रत्येक खरेदीत तुम्ही कर भरता. मीठ खाल्लं असेल तर ते तुमच्याच घरचं आहे.

एक फरक मात्र लक्षात ठेवा, कारण प्रचारात तो मुद्दाम पुसला जातो. "आम्ही आलो तर 2100 देऊ," असं एका बाजूनं आणि "आम्ही 3000 देऊ," असं दुसऱ्या बाजूनं 2024 मध्ये सांगितलं. कायद्याच्या भाषेत ती लाच नव्हे. भारतीय न्याय संहितेचं 170 वं कलम निवडणुकीतल्या लाचेचं आहे, आणि सार्वजनिक धोरण जाहीर करणं किंवा तसं आश्वासन देणं त्यातून स्पष्ट वगळलं आहे. पण मतदानाच्या आदल्या रात्री कुणी पाकिटात पाचशेची नोट घालून दिली तर ती लाच, आणि त्या कलमात देणाऱ्याबरोबर घेणाराही गुन्हेगार आहे. "नाव कापू" ही धमकी त्याच्याच पुढच्या, 171 व्या कलमात येते. बैठकीला हजर असलेल्या तिघी-चौघी एकत्र जाऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकटीनं जाऊ नका.

मत त्या अंगणवाडीवाल्या बाईंनाच द्या, असं मी सांगणार नाही. पण तुमचं मन तिकडं असेल तर 1500 रुपयांसाठी ते वळवू नका.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, घरची सहा एकर शेती. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. या फुकटच्या वाटपामुळे खुरपणीला बाया मिळेनाशा झाल्या. राज्यावर कर्ज वाढतंय, शाळेचे पत्रे गळतात आणि सरकार खात्यावर पैसे टाकतंय. मतदारांनीच अशा योजनांना नाही म्हणायला नको का?
— एक गुरुजी, परभणी जिल्हा

उत्तर : गुरुजी, राग नाही. तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं, अर्धं नाही. न पटणारं आधी.

महिन्याला 1500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. पन्नास रुपयांसाठी तीनशेचा रोज सोडणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. झालंय असं, की काल ज्या बाईला पडेल त्या मजुरीवर यावंच लागायचं, तिला आज एखाद्या दिवशी नाही म्हणता येतं. अंगात ताप असताना नाही, पोरीची परीक्षा असताना नाही. शेतकऱ्याला याचा त्रास होतो, हे मी शेतकऱ्याचीच लेक म्हणून मान्य करते. पण तिच्या नाही म्हणण्याला आळस म्हणू नका.

आता कर्जाचं. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरच्या कर्जाचा अंदाज नऊ लाख कोटींच्या पुढे गेला आणि लाडकी बहीणसाठी 36 हजार कोटींची तरतूद झाली. तेवढ्यानं भागेना, म्हणून 2025 च्या मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी या योजनेकडे वळवले गेले. त्यावर खुद्द त्याच सरकारातले सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. आश्रमशाळेतल्या पोराच्या ताटातून काढून त्याच्याच आईच्या खात्यावर टाकायचे, याला मी कल्याण म्हणत नाही. इथं मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे.

पण यावर "बंद करा" हे उत्तर नाही. विचारायचं ते हे, की देणार कशातून? सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये तमिळनाडूच्या एका खटल्यात सांगितलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं हा भ्रष्टाचार ठरत नाही. मात्र निवडणूक आयोगानं त्याबाबत मार्गदर्शक सूचना कराव्यात. त्यातून आचारसंहितेत कलम आलं: आश्वासनामागचं कारण आणि पैसा उभा करण्याचा मार्ग पक्षानं ढोबळमानानं तरी सांगावा. कुणी सांगतं का? 2100 वाल्यांनी सांगितलं नाही, 3000 वाल्यांनीही नाही. निवडणूक झाली आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात रक्कम 1500 वरच राहिली.

तुमच्या-माझ्या पिढीनं याच राज्यात दुसरी रीत पाहिली आहे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला, म्हणजे पैसा कुठून येणार ते आधी ठरवलं. मग 1977 मध्ये कायदा केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागितलं आणि दिलं नाही, तर सरकारनं भत्ता द्यायचा, असं त्यात लिहिलं. भत्ता तुटपुंजा होता, पण मागणारा हक्कानं मागत होता. लाडकी बहीण उभी आहे ती 28 जून 2024 च्या एका शासन निर्णयावर. नोकरीत मी असे शेकडो शासन निर्णय फाइलला लावले. एका सहीनं निघतात, दुसऱ्या सहीनं बदलतात, जुना रद्द झाल्याचं लाभार्थ्याला बँकेच्या खिडकीशी कळतं. कायदा बदलायचा तर सभागृहात सगळ्यांदेखत हात वर करावा लागतो. गुरुजी, तुमच्यासारख्या माणसानं "नाही" म्हणण्यापेक्षा "कायद्यात घाला आणि पैशाचं मूळ दाखवा" म्हटलं, तर उमेदवाराला पळवाट राहणार नाही.

प्रश्न : ताई, माझी चुलती 71 वर्षांची, मूलबाळ नाही. तिचा श्रावणबाळ योजनेचा (म्हाताऱ्यांना मिळणारा) पगार चार महिन्यांपासून येत नाही. गावातले एक उमेदवार म्हणतात, निवडून द्या, पहिल्या महिन्यात चालू करून देतो. खरं धरावं का?
— पुतण्या, हिंगोली जिल्हा

उत्तर : खरं धरू नका आणि निवडणुकीपर्यंत थांबूही नका. चालू लाभार्थ्यांचे पैसे आचारसंहितेत थांबत नाहीत, नवीन मंजुऱ्या थांबतात.

आधी बँकेत जा आणि चुलतीचं कोणतं खातं आधारशी जोडलेलं आहे ते विचारा. आता पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात. पुष्कळदा म्हातारी माणसं जुनं पासबुक घेऊन चकरा मारतात आणि पैसे कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडून असतात. तिथं नसतील तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा. हयातीचा दाखला राहिला का, उत्पन्नाचा दाखला जुना झाला का, बोटाचे ठसे उमटत नाहीत म्हणून आधार अडलं का, ते विचारा. नुसतं "वरून बंद झालंय" हे उत्तर घेऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, कारण लेखी मागा. यात उमेदवाराचं काही काम नाही.

उमेदवार असं बोलू शकतात, याला कारण आहे. नवीन प्रकरणं मंजूर करायला तालुक्याला समिती असते. तिचा अध्यक्ष पालकमंत्र्यांनी नेमलेला अशासकीय माणूस असतो, तहसीलदार सदस्य सचिव. निवडणूक जवळ आली की समितीच्या बैठकांना कसा वेग यायचा, ते मी पाहिलं आहे. वर्षभर कपाटात पडलेली प्रकरणं आचारसंहितेच्या आदल्या आठवड्यात आम्ही रात्री दहा-दहापर्यंत बसून लावायचो. मंजुरीची पत्रं पोस्टानं जायच्या ऐवजी कार्यकर्त्यांच्या हातून वाटली जायची. ज्या म्हातारीचा तो हक्क, तिला वाटायचं दादांनी दिलं.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं एक गोष्ट लिहिते, बरीच वर्षं मनात आहे. या योजनांना उत्पन्नाची मर्यादा माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वर्षाला 21 हजार होती. म्हणजे दिवसाला साधारण 57 रुपये. एवढ्यात कुणी जगत नाही, हे तलाठ्यालाही माहीत, तहसीलदारालाही माहीत. म्हणून सगळ्यांच्या दाखल्यावर 21 हजार किंवा त्याच्या खालचा आकडा पडतो. शेळ्या राखणारी एक विधवा होती. तलाठ्यानं विचारलं, तर तिनं खरं सांगितलं, महिन्याला दोन हजार सुटतात. दाखला 24 हजारांचा आला. प्रकरणावर "उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त" हा शेरा मी माझ्या हातानं लिहिला. नियमानं दुसरं काही लिहिता येत नव्हतं. पण तिला बाजूला बोलावून, फेरचौकशीसाठी पुन्हा अर्ज दे, एवढं तरी मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्या दिवशी टेबलावर सत्तर प्रकरणं होती. दोन वर्षांनी ती पुन्हा आली तेव्हा शेळ्या विकल्या गेल्या होत्या आणि ती नियमात बसत होती.

लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाखांची आणि निराधाराला 21 हजारांची. जवळजवळ बारा पट फरक. एका योजनेत कोट्यवधी बायका, प्रत्येकीच्या घरात चार-पाच मतं. निराधार म्हातारीच्या घरात एकच मत, तेही कुणी गाडीतून केंद्रावर नेलं तर. तिची रक्कमही वाढत गेली ती 2019 ला 600 ची 1000 आणि 2023 ला 1500. दोन्ही वेळा विधानसभा तोंडाशी आलेली होती, नाहीतर पुढच्या वर्षी होती. केंद्र सरकारचा त्यातला वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला महिना 200 रुपये, तो मी निवृत्त झाले तेव्हाही 200 च होता. माझ्या हातात असतं तर 2100 चा विचार करण्याआधी मी ही 21 हजारांची रेघ पुसली असती.

पुतण्यांनो, तुमच्या घरची मतं चार-पाच असतील. चुलतीच्या एका मताला ती जोडा आणि दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला या रेघेबद्दल विचारा.

प्रश्न : मॅडम, मी 19 वर्षांचा, पुण्यात शिकतो, गाव औसा तालुक्यात. पहिल्यांदाच मतदान करणार आहे. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, सगळेच उमेदवार योजना मिळवून देतो म्हणतात. यांच्या हातात नक्की काय असतं?
— एक नवा मतदार

उत्तर : प्रश्न फार चांगला विचारलास. लाडकी बहीण, श्रावणबाळ, संजय गांधी या राज्याच्या योजना. त्यांच्या रकमा आणि निकष मुंबईत ठरतात. सरपंच तिथं फार तर अर्ज भरायला मदत करील.

त्यांच्या स्वतःच्या हातात असतं ते वेगळंच आणि त्याबद्दल प्रचारात कुणी चकार शब्द काढत नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के अपंगांसाठी, 10 टक्के महिला-बालकांसाठी आणि 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं यातूनच ते येतात. गाव लहान असेल तर रक्कम काही हजारांतच जाते, पण ती गावातच ठरते. माझ्या माहितीतल्या एका गावात कित्येक वर्षं या 5 टक्क्यांची मार्चअखेर भांडी वाटली जायची. दोन्ही पायांनी अधू असलेल्या एका पोरीला तीन वर्षांत तीन स्टीलचे डबे मिळाले. तिला हवा होता शाळेच्या पायरीशेजारी एक उतार.

म्हणून उमेदवार दारात आला की त्याला एवढंच विचार: गावात अपंग किती, त्यांची यादी आहे का, गेल्या वर्षी त्यांच्या वाट्याचे पैसे किती निघाले आणि कशावर गेले? नुकताच सत्तेत असलेला असेल तर त्याला उत्तर आलंच पाहिजे. नवा असेल तर त्यानं निदान तुझ्यासमोर वहीत लिहून घ्यावं. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला समाजकल्याण आणि महिला-बालकल्याणाच्या सेसबद्दल, म्हणजे परिषदेच्या स्वतःच्या निधीबद्दल, विचार, कारण तिच्याही उत्पन्नातला ठरावीक वाटा यासाठीच असतो.

मत देऊन पुण्याला परत जाशील, ते ठीक. पण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यातल्या एखाद्या ग्रामसभेला सुट्टी काढून ये आणि हाच प्रश्न पुन्हा विचार. ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) तो इतिवृत्तात लिहायला सांग. लिहिलेलं वाचून घे, आणि खाली सह्या होईपर्यंत जागेवरून उठू नकोस.